दिन की दीन? : डेटाबेसचा स्कीमा बदलताना

मोडी लिपीतला जुना कागद देवनागरीत उतरवणाऱ्याला एक अडचण पावलोपावली येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्दही तोडून लिहिलेले नसतात. त्यामुळे अक्षर नीट लागलं तरी ‘दिन’ लिहायचं की ‘दीन’, ‘सुत’ की ‘सूत’, हे अक्षर सांगत नाही. मजकूर दिवसाबद्दल आहे की गरिबाबद्दल, मुलाबद्दल आहे की धाग्याबद्दल, हे मागचा-पुढचा संदर्भ पाहून लिप्यंतरकारालाच ठरवावं लागतं. मोडीने जो निर्णय कधी मागितला नव्हता, तो देवनागरी मागते.

एका डेटाबेस इंजिनातून दुसऱ्यात स्कीमा नेणं हे याच जातीचं काम आहे. जे लिहिलेलं आहे ते बदलून देणारी साधनं आज चांगली आहेत. जे कुणी लिहिलंच नाही, जुन्या इंजिनाच्या सवयीवर विसंबून सोडून दिलं, ते मात्र माणसाला शोधून काढावं लागतं. हे काम टप्प्याटप्प्याने कसं चालतं, ते ओरॅकलकडून क्लाउडमधल्या पोस्टग्रेसक्यूएलकडे जाण्याच्या उदाहरणावरून पाहू. ही वाट आज बऱ्यापैकी मळलेली आहे. अ‍ॅमेझॉनने ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या किरकोळ विक्री व्यवसायाचं ओरॅकलमधून बाहेर पडणं पूर्ण झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा सुमारे ७,५०० डेटाबेस आणि ७५ पेटाबाइट माहिती हलवली गेली होती. आपण तेवढं मोठं उदाहरण घ्यायला नको. समजा, एक पतसंस्था आहे. तिचे सभासद, ठेवी, कर्जं आणि पावत्या वीस वर्षं ओरॅकलमध्ये आहेत. आता परवान्याचा खर्च परवडत नाही आणि सर्व्हरही जुना झाला आहे.

स्कीमा म्हणजे कोरी वही

रोजकीर्दीच्या कोऱ्या वहीत नोंदी नसतात, पण रकाने छापलेले असतात: तारीख, तपशील, जमा, नावे. स्कीमा म्हणजे अशी कोरी वही. कोणती टेबलं, त्यांत कोणते कॉलम, प्रत्येक कॉलमात कोणत्या प्रकारची माहिती बसेल, कोणता रकाना रिकामा सोडता येणार नाही, कर्जाच्या नोंदीतला सभासद क्रमांक सभासदांच्या टेबलात असायलाच हवा की नाही, हे सगळं त्यात येतं. शिवाय इंडेक्स, व्ह्यू, ट्रिगर आणि डेटाबेसच्या आतच लिहिलेले प्रोग्राम, म्हणजे स्टोअर्ड प्रोसिजर आणि फंक्शनं, हीसुद्धा स्कीमाचाच भाग असतात.

इंजिन तेच ठेवून फक्त जागा बदलायची असेल, म्हणजे कार्यालयातल्या पोस्टग्रेसवरून क्लाउडमधल्या पोस्टग्रेसवर जायचं असेल, तर स्कीमा जवळपास जसाच्या तसा जातो. इंजिन बदललं की खरं काम सुरू होतं. दोन्ही इंजिनं एसक्यूएल हीच भाषा बोलतात, मग फरक का पडावा? याचं उत्तर इतिहासात आहे. एडगर कॉड यांनी रिलेशनल रचनेचा निबंध १९७० मध्ये लिहिला. ओरॅकल १९७९ मध्ये बाजारात आलं. एसक्यूएलचं अमेरिकी प्रमाण ठरलं १९८६ मध्ये. म्हणजे व्याकरण ठरण्याआधी सात वर्षं ओरॅकल ही भाषा बोलत होतं, आणि बोलीतल्या सवयी व्याकरण आलं म्हणून सुटत नाहीत. पोस्टग्रेसचा जन्म बर्कलीतल्या विद्यापीठीय प्रकल्पातून १९८६ मध्ये झाला, पण त्यात एसक्यूएल आलं ते १९९४-९५च्या सुमारास. तोवर प्रमाण हाताशी होतं, म्हणून त्याचं वळण बरंचसं प्रमाणाजवळचं राहिलं.

पहिला टप्पा : मोजदाद

सुरुवातीला काहीही बदलायचं नसतं, फक्त मोजायचं असतं. अ‍ॅमेझॉनचं स्कीमा कन्व्हर्जन टूल, गूगल क्लाउडची डेटाबेस मायग्रेशन सर्व्हिस, मुक्त स्रोतातलं ओरा-टू-पीजी अशी साधनं जुन्या डेटाबेसला जोडली, की ती टेबलं, व्ह्यू, ट्रिगर, प्रोसिजर यांची यादी करतात. त्यातलं किती आपोआप बदलेल आणि किती हाताने लिहावं लागेल, याचा अहवालही देतात. ओरा-टू-पीजी तर कामाच्या दिवसांचा अंदाज बांधून प्रकल्पाला दर्जा देतं: ‘ए’ म्हणजे बहुतेक आपोआप होणारं, ‘बी’ म्हणजे थोडं लिहावं लागणारं, ‘सी’ म्हणजे बरंच लिहावं लागणारं.

अहवालाच्या शेवटचा टक्का पाहून खूश होण्यात अर्थ नाही. पंच्याण्णव टक्के वस्तू आपोआप बदलतात म्हटल्यावर काम संपल्यासारखं वाटतं. पण टेबलं आणि इंडेक्स संख्येने भरपूर आणि सोपे असतात. उरलेल्या पाच टक्क्यांत व्याज मोजणारी दोन हजार ओळींची प्रोसिजर असू शकते. शिवाय साधनाने ‘बदललं’ म्हटलं म्हणजे ते नव्या इंजिनात चालतं एवढंच कळतं. उत्तर तेच येतं का, हा वेगळा प्रश्न आहे.

मोजदाद करताना आणखी एक काम उरकून घ्यावं: मेलेलं सामान बाजूला काढणं. कुणीतरी २०११ मध्ये चाचणीसाठी केलेली टेबलं, कुणीच न वापरणारे व्ह्यू, ‘जुना’, ‘नवा’, ‘नवा दोन’ अशा शेपट्या लावलेल्या प्रोसिजर. जे न्यायचंच नाही, ते बदलायलाही लागत नाही.

दुसरा टप्पा : रकान्यांचे प्रकार

मोडीतला ‘दिन’ इथे जागोजागी भेटतो.

आधी आकडे. ओरॅकलमध्ये ‘नंबर’ नावाचा एकच ऐसपैस प्रकार आहे. सभासद क्रमांक, ठेवीची रक्कम, व्याजदर, होय-नाहीसाठी वापरलेला एक-शून्य, सगळं त्यात मावतं, आणि किती अंक हवेत हे न सांगताही काम चालतं. पोस्टग्रेस विचारतं: पूर्णांक की दशांश? पूर्णांक असेल तर चार बाइटांचा ‘इंटिजर’ की आठ बाइटांचा ‘बिगइंट’? इंटिजरची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. जुन्या स्कीमात कॉलम दहा अंकी नंबर असेल, तर त्यात ९,९९,९९,९९,९९९ पर्यंतचा आकडा येऊ शकतो. म्हणजे तिथे बिगइंटच हवा. ९८ने सुरू होणारा मोबाइल क्रमांक कुणी आकडा म्हणून साठवला असेल, तर तो इंटिजरमध्ये बसणारच नाही.

रकमेच्या कॉलमात धोका वेगळा आहे. अंकसंख्या न सांगितलेला नंबर साधनाच्या सेटिंगप्रमाणे ‘डबल प्रिसिजन’ झाला, तर तो दशांश अपूर्णांक नेमका साठवत नाही, जवळपासची किंमत साठवतो. त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ भरत नाही, तेराव्या-चौदाव्या स्थानाच्याही पुढे कुठेतरी एक ४ डोकावतो. एका पावतीत हे दिसणार नाही, पण वर्षअखेरीच्या ताळेबंदात पैशाचा फरक काढता काढता हिशेबनीस रडकुंडीला येईल. पैशासाठी ‘न्यूमेरिक’च घ्यावा. मग सगळीकडेच न्यूमेरिक का नको? कारण त्याची गणितं आणि तुलना पूर्णांकापेक्षा संथ असतात, आणि टेबलं जोडायला वापरले जाणारे क्रमांक दिवसातून असंख्य वेळा ताडून पाहिले जातात. क्रमांकाला बिगइंट आणि रकमेला न्यूमेरिक हा ठोकताळा बहुतेक ठिकाणी चालतो. कर्जाच्या टेबलातला सभासद क्रमांक आणि सभासदांच्या टेबलातला सभासद क्रमांक एकाच प्रकारचे ठेवायला मात्र विसरू नये.

मग तारखा. ओरॅकलच्या ‘डेट’मध्ये तारखेबरोबर तास, मिनिटं आणि सेकंदही असतात. पोस्टग्रेसच्या ‘डेट’मध्ये फक्त तारीख असते. नाव सारखं म्हणून प्रकार तोच ठेवला, तर पावतीची वेळ कसलीही तक्रार न करता गळून पडते. म्हणून साधनं ओरॅकलच्या डेटचा ‘टाइमस्टॅम्प’ करतात. ते सुरक्षित आहे, पण त्याने दुसरा प्रश्न उभा राहतो. ओरॅकलमध्ये एका तारखेतून दुसरी वजा केली की दिवसांची संख्या मिळते. पोस्टग्रेसमध्ये दोन टाइमस्टॅम्पची वजाबाकी केली की ‘९१ दिवस १२ तास’ अशी मुदत मिळते, संख्या मिळत नाही. ती मुद्दल आणि दराने गुणून व्याजाच्या रकान्यात ठेवायला गेलात, तर गणित अडतं. अडलं तर बरंच, निदान कळतं तरी. तेव्हा प्रत्येक डेट कॉलमला विचारायचं: तुझ्यात वेळ खरोखर लागते का? जन्मतारखेला लागत नाही, ती डेटच राहू द्यावी. पावतीला लागते.

वेळेचा प्रश्न इथेच संपत नाही. कार्यालयातल्या सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळ दाखवत होतं. क्लाउडमधल्या डेटाबेसचं घड्याळ सहसा यूटीसी असतं, आपल्या साडेपाच तास मागे. आजची तारीख डेटाबेसलाच विचारणारा कोड तसाच राहिला, तर १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता चाललेल्या व्याज आकारणीवर ३१ मार्चची तारीख पडेल आणि नोंद मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसेल. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत चालणारी कामं म्हणूनच वेगळी तपासावी लागतात. आणि पतसंस्थांची, बँकांची अशी कामं नेमकी रात्रीच चालतात.

आता मजकूर. ओरॅकलच्या ‘व्हारचार टू’ला तीस लांबी दिली, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये तिचा अर्थ तीस बाइट असा होतो. पोस्टग्रेसच्या ‘व्हारचार’मध्ये तीस म्हणजे तीस चिन्हं. इंग्रजी मजकुरात एक अक्षर एक बाइट घेतं, म्हणून हा फरक लपून राहतो. देवनागरीत तो उघडा पडतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द पाहा. डोळ्याला चार अक्षरं दिसतात: म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडच्या हिशेबी त्यात काना आणि हलन्त धरून दहा चिन्हं आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे झाले नेमके तीस बाइट. ओरॅकलच्या तीस लांबीच्या रकान्यात ‘महाराष्ट्र’ काठोकाठ बसतं, पुढे एक मात्राही मावत नाही. पोस्टग्रेसमध्ये तोच रकाना तीन ‘महाराष्ट्र’ घेईल. ओरॅकलकडून पोस्टग्रेसकडे जाताना त्यामुळे काही सांडत नाही. उलट दिशेने जाणाऱ्याने मात्र नावं-पत्त्यांचे रकाने आधी मोजावेत.

रिकामं म्हणजे काय?

या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त छळणारा फरक दिसायला सर्वांत छोटा आहे. ओरॅकल रिकाम्या मजकुराला ‘नल’ मानतं. नल म्हणजे ‘माहीत नाही’. पोस्टग्रेस प्रमाणाप्रमाणे चालतं: रिकामा मजकूर हा मजकूरच आहे, त्याची लांबी शून्य एवढंच. नल ही वेगळी गोष्ट.

फरक इतका सूक्ष्म असूनही त्याचा परिणाम दाराशी येऊन उभा राहतो. पतसंस्थेच्या पासबुकावर नाव छापताना नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव जोडतात. कुणाचं मधलं नाव नोंदवलेलंच नसेल, म्हणजे नल असेल, तर ओरॅकल मजकूर जोडताना नलकडे दुर्लक्ष करतं आणि उरलेली दोन नावं छापतं. पोस्टग्रेसमध्ये मजकुराला नल जोडला की सगळंच नल होतं. मधलं नाव नाही म्हणून पहिलं नाव आणि आडनावही गायब. कोड चुकलेला नाही, इंजिनाने कुठलीही चूक दाखवली नाही, आणि पासबुकावर नावाची जागा कोरी. उपाय सोपा आहे: जोडण्याची खूण बदलून नलकडे दुर्लक्ष करणारं ‘कॉनकॅट’ फंक्शन वापरायचं. अवघड आहे ते अशी प्रत्येक जागा शोधणं.

एकाहून अधिक कॉलमांवरच्या युनिक बंधनातही हाच घोटाळा दडलेला असतो. सभासद क्रमांक आणि शाखा संकेत मिळून एकदाच यावेत असा नियम आहे, आणि शाखा नल आहे. अशी दुसरी ओळ ओरॅकल अडवतं. पोस्टग्रेस मात्र एका नलला दुसऱ्या नलसारखं मानत नाही, म्हणून दोन्ही ओळी आत घेतं. २०२२ मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून नललाही समान धरायला सांगण्याची सोय आहे, पण ती आपण मागावी लागते.

नावांची गंमत त्या मानाने निरुपद्रवी. अवतरणात न ठेवलेलं नाव ओरॅकल मोठ्या रोमन अक्षरांत धरतं, तर पोस्टग्रेस लहान अक्षरांत. नवी टेबलं मोठ्या अक्षरांची नावं अवतरणात घालून केली, तर पुढे प्रत्येक ठिकाणी ती अवतरणं वागवावी लागतात. सगळी नावं लहान अक्षरांत करून मोकळं व्हावं.

तिसरा टप्पा : आतला कोड

व्ह्यू आणि क्वेरी यांतले बरेच फरक शब्दांचे असतात, आणि ते साधन नीट हाताळतं. ओरॅकलच्या जुन्या पद्धतीत कंसातल्या अधिक चिन्हाने लिहिलेला आउटर जॉइन ‘लेफ्ट जॉइन’ होतो, ‘एनव्हीएल’चा ‘कोअ‍ॅलेस’ होतो, वंशावळीसारखी उतरंड काढणारं ‘कनेक्ट बाय’ ‘विथ रिकर्सिव्ह’मध्ये लिहिलं जातं.

रचनेतले फरक मात्र जड जातात. ओरॅकलमध्ये बऱ्याच प्रोसिजर, फंक्शनं आणि त्यांची सामाईक चलं एका ‘पॅकेज’मध्ये बांधता येतात. पोस्टग्रेसमध्ये पॅकेज नाही. प्रत्येक पॅकेजचा वेगळा स्कीमा करून त्यात फंक्शनं ठेवणं ही रुळलेली पद्धत. पण पॅकेजातली चलं, म्हणजे लॉगइन झाल्यावर एकदा भरलेली आणि सत्र संपेपर्यंत टिकणारी शाखा किंवा कारकुनाचा क्रमांक, ती कुठे ठेवायची? सत्राच्या सेटिंगमध्ये किंवा तात्पुरत्या टेबलात, हे ठरवावं लागतं. ओरॅकलचीच फंक्शनं पोस्टग्रेसमध्ये पुरवणारी ‘ओराफसी’सारखी जोडणी असते, आणि अ‍ॅमेझॉनचं साधनही स्वतःचा एक मदतनीस स्कीमा बसवतं. कुबड्या म्हणून त्या उपयोगी आहेत, पण त्या कायमच्या लागणार की काही काळापुरत्या, हे आधीच ठरवावं.

चुका हाताळण्याची रीत तर पार निराळी. समजा, प्रोसिजरच्या एका ब्लॉकमध्ये आधी रोजकीर्दीत ओळ घातली, मग शिल्लक बदलायला गेलो आणि तिथे चूक झाली. चूक पकडून पुढे जायचं असं खाली लिहिलेलं आहे. ओरॅकलमध्ये फक्त अडलेलं वाक्य मागे जातं, रोजकीर्दीतली ओळ राहते. पोस्टग्रेसमध्ये चूक पकडणाऱ्या ब्लॉकने तोवर केलेलं सगळंच मागे फिरतं, रोजकीर्दीतली ओळसुद्धा. कोड ओळीला ओळ तोच, पण खात्यावरचा परिणाम वेगळा. मुख्य व्यवहार रद्द झाला तरी काय चूक झाली याची नोंद टिकावी म्हणून ओरॅकलमध्ये स्वायत्त व्यवहार वापरतात. पोस्टग्रेसमध्ये तसा थेट प्रकार नाही, डेटाबेसलाच दुसरी जोडणी करून ते साधावं लागतं.

चौथा टप्पा : क्रम

नवा स्कीमा एका दमात उभा करू नये. आधी टेबलं आणि त्यांच्या प्रायमरी की. मग माहिती भरायची. त्यानंतर बाकीचे इंडेक्स, मग टेबलांमधले फॉरेन की संबंध, आणि सर्वांत शेवटी ट्रिगर. कारण साधं आहे. इंडेक्स आधीच असतील तर प्रत्येक ओळीगणिक ते अद्ययावत करत बसावं लागतं. फॉरेन की आधीच असेल, तर सभासदाआधी त्याचं कर्ज पोचलं की नोंद नाकारली जाते. ओळ आली की आपोआप चालणारे ट्रिगर जागे असतील, तर जुन्या डेटाबेसने वीस वर्षांपूर्वी केलेलं काम ते पुन्हा करतात आणि शिल्लक दुप्पट होते.

माहिती भरायला दोन दिवस लागले तरी काउंटर बंद ठेवता येत नाही. म्हणून मायग्रेशन सेवा आधी सगळी माहिती उचलते आणि मग जुन्या डेटाबेसच्या नोंदवहीतून नवे बदल टिपून इकडे लावत राहते. ज्या टेबलाला प्रायमरी की नाही, तिथे नेमकी कोणती ओळ बदलायची हे या सेवेला समजत नाही. अशी टेबलं मोजदादीतच हेरून ठेवावीत.

भरणा झाल्यावर हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे सीक्वेन्स, पुढचा पावती क्रमांक देणारं यंत्र. ओळी येतात, पण यंत्राचा काटा त्यांच्याबरोबर येतोच असं नाही. शेवटची पावती ४८,२१० आणि काटा एकवर, म्हणजे सोमवारी सकाळी पहिलीच पावती ‘हा क्रमांक आधीच आहे’ म्हणून परत येईल. प्रत्येक सीक्वेन्स सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढे सरकवून ठेवावा. टेबलांची आकडेवारीही नव्याने गोळा करून घ्यावी, नाहीतर इंजिन चुकीची वाट धरतं आणि लोक म्हणतात, ‘पोस्टग्रेस संथ आहे.’

पाचवा टप्पा : पडताळा

ओळींची संख्या जुळली म्हणजे पडताळा झाला असं नाही. ठेवींच्या एकूण रकमा पैशापर्यंत जुळतात का? प्रत्येक कॉलमात नल किती, सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख कोणती? मागच्या मार्चअखेरचे अहवाल दोन्हीकडे काढून ओळीगणिक ताडावेत. वर आलेल्या बहुतेक फरकांवर इंजिन तक्रार करत नाही, उत्तर तेवढं वेगळं येतं. म्हणून उत्तरंच तपासावी लागतात.

या सगळ्या काळात एक वही ठेवावी. कोणता कॉलम कोणत्या प्रकारात नेला, आणि का. चांगला लिप्यंतरकार संदिग्ध शब्दापाशी टीप देतो, तशीच ही टीप. पतसंस्थेच्या या वहीत एक नोंद अशी असेल: ‘मधलं नाव रिकामं. विचारलं नव्हतं की नाहीच?’ ओरॅकलने वीस वर्षं हा प्रश्न पडू दिला नाही. पोस्टग्रेसला उत्तर हवं आहे, आणि ते कोणत्याच साधनाकडे नाही. ते असेल तर काउंटरवर वीस वर्षं सभासदांचे अर्ज भरून घेणाऱ्या कारकुनाकडे. स्कीमा बदलणाऱ्याने संगणकावरून उठून त्याच्याकडे जाऊन बसावं.